संगणक आपोआप रिस्टार्ट होतो तेव्हा



संगणकाचे काही दोष सरळ असतात. यंत्र सुरूच होत नाही, मॉनिटरवर चित्र येत नाही, की-बोर्डची एखादी कळ चालत नाही. दोष समोर उभा असतो, त्यामुळे त्याला पकडणेही सोपे. अवघड दोष तो, जो कधी दिसतो आणि कधी दडून बसतो. चालता चालता मॉनिटर एकाएकी काळा होतो, दोन-चार सेकंदांत मदरबोर्डच्या कंपनीचे चिन्ह पुन्हा उमटते आणि अर्धे टाइप केलेले पान गेलेले असते. दुरुस्त करणारा माणूस समोर बसला की तेच यंत्र दिवसभर शहाण्यासारखे चालते.

सुटे भाग आणून घरी किंवा शाळेत जुळवलेल्या संगणकात अशी तक्रार अधिक ऐकू येते. जुळवणाऱ्याचे हात कच्चे असतात म्हणून असे होते, हा समज बरोबर नाही. तयार मिळणाऱ्या संगणकाचे सर्व भाग कारखान्यात एकत्र चालवून पाहिलेले असतात. जुळवलेल्या संगणकात मात्र पाच ठिकाणचे पाच भाग आपल्या टेबलावर प्रथमच एकमेकांना भेटतात, आणि त्यांतला एखादा भाग पूर्वी कोठे किती राबला आहे हे कोणालाच माहीत नसते.

गेल्या पावसाळ्यात आपल्या संगणक कक्षात असेच एक यंत्र होते, खिडकीजवळच्या रांगेतील शेवटचे. अकरावीच्या एका विद्यार्थ्याने ते संगणकाच्या बाईंच्या देखरेखीखाली जुळवले होते. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी नवे. कॅबिनेट मात्र एका पालकांनी भेट दिलेले, आत एसएमपीएस बसवलेलेच. महिनाभर बरे चालले. मग दिवसातून एकदा, कधी दोनदा ते आपोआप रिस्टार्ट होऊ लागले. दुकानातील माणसाने व्हायरस सांगितला आणि विंडोज नव्याने टाकले. त्यात नववीच्या मुलींचा विज्ञान प्रदर्शनाचा प्रकल्प पुसला गेला, रिस्टार्ट होणे काही थांबले नाही. मग रॅम बदलली गेली. मग यंत्र तीन दिवस दुकानात राहिले. तेथे ते एकदाही रिस्टार्ट झाले नाही, म्हणून 'ओके' असा शेरा घेऊन परत आले आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला पुन्हा तेच.

तोपर्यंत एक वाक्य सगळीकडे ऐकू येऊ लागले होते : ज्याने जोडले त्यानेच काहीतरी चुकवले असेल. तो मुलगा मधल्या सुटीत संगणक कक्षाकडे फिरकेनासा झाला. इकडे विश्वस्त मंडळाच्या बैठकीत नवा संगणक घेण्याचा विषय आला. आम्ही मंडळाकडे पंधरा दिवसांची मुदत मागितली आणि ती मिळाली. त्या पंधरा दिवसांत काय काय केले ते येथे सविस्तर लिहीत आहोत. पुष्कळ घरी असा एखादा संगणक असतो, आणि पालकांचा पैसा अंदाजाने भाग बदलण्यातच जातो.

आधी वही, मग स्क्रू-ड्रायव्हर

पहिले काही दिवस आम्ही कोणालाही स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊ दिला नाही. यंत्राशेजारी एक वही ठेवली आणि तिच्यात रकाने आखून घेतले : तारीख, मिनिटासह वेळ, त्या वेळी कोणते काम चालू होते, यंत्र किती वेळापासून चालू होते, आणि शेवटचा रकाना, खोलीत किंवा इमारतीत त्या क्षणी काय घडले. शेवटच्या रकान्यावर मुले हसली. वहीचे काम आम्ही त्याच अकरावीच्या मुलाकडे सोपवले. "सर, तो कधीही रिस्टार्ट होतो, त्यात लिहायचे काय?" असे त्याने विचारले. कधीही होतो असे आपण म्हणतो, त्याचा अर्थ बहुधा इतकाच असतो की वेळ कोणी लिहून ठेवलेली नसते.

संगणक स्वतःही एक वही लिहीत असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची सोय आहे. तीत 'विंडोज लॉग्ज' आणि त्याखाली 'सिस्टिम' उघडले की प्रत्येक घटनेची वेळ व क्रमांक दिसतो. क्रमांक १०७४ म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमने किंवा माणसाने रीतसर आज्ञा देऊन संगणक बंद किंवा रिस्टार्ट केला. अपडेटनंतरचे रिस्टार्ट येथे सापडते. क्रमांक ६००८ म्हणजे मागच्या वेळी संगणक अनपेक्षितपणे बंद झाला होता. क्रमांक ४१, ज्यापुढे 'कर्नल-पॉवर' असे लिहिलेले असते, तो सांगतो की यंत्र नीट बंद न होताच पुन्हा सुरू झाले. या ४१च्या तपशिलात 'बगचेक कोड' पाहावा. तेथे शून्य नसेल तर विंडोजने स्वतः काही चूक पकडली होती, आणि ती चूक ड्रायव्हरची, रॅमची किंवा डिस्कची असू शकते. तेथे शून्य असेल तर विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही. अशा वेळी बहुतेक करून वीज तुटलेली असते किंवा कोणीतरी रिसेट दाबलेले असते. आपल्या यंत्रात शून्य होते.

याला जोडूनच एक गोष्ट करून घ्यावी. विंडोजमध्ये गंभीर चूक झाली की निळा (नव्या आवृत्तीत काळा) पडदा येतो, परंतु 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट' ही खूण मुळातच केलेली असल्यामुळे तो वाचण्याआधीच संगणक रिस्टार्ट होतो आणि पाहणाऱ्याला वाटते की उगाच झाला. 'अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज'मधील 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' येथे जाऊन ती खूण काढावी. त्यानंतर तो पडदा थांबून राहिला तर त्यावरचा मजकूर उतरवून घ्यावा. असा पडदा आलाच नाही आणि यंत्र थेट रिस्टार्ट झाले, तर सॉफ्टवेअरवरचा संशय बराच कमी होतो. विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला याच्या आधी कोणी दिला तर घेऊ नये. निदान फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर घेतल्याशिवाय तरी मुळीच नाही.

बिनखर्चाच्या तपासण्या

वही भरत होती तोवर बाईंनी मुलांना घेऊन फुकट होणाऱ्या तपासण्या उरकल्या. प्लग काढून, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवून, मगच आत हात घातला. हे दोन नियम कितीही घाई असली तरी मोडू नयेत.

रिसेटच्या बटणापासून मदरबोर्डपर्यंत दोन बारीक तारा जातात. बटण आत अडकले किंवा त्या तारा कोठे घासल्या तर संगणकाला वाटते की कोणी रिसेट दाबले. मदरबोर्डवरून ती दोन पिनांची टोपी उपटून ठेवली की या शंकेचा निकाल लागतो. रिसेटच्या बटणावाचून संगणकाचे काही अडत नाही. आम्ही ती काढली. रिस्टार्ट चालूच राहिले.

मदरबोर्ड कॅबिनेटला टेकू नये म्हणून खाली पितळी खुंट्या असतात. बोर्डला जेथे भोक नाही तेथे जुन्या कॅबिनेटमधली एखादी खुंटी राहून गेली, तर ती बोर्डच्या पाठीमागच्या डागांना टेकून शॉर्ट करू शकते. नव्याने जुळवलेल्या संगणकात ही चूक खरोखर होते, आणि सर्वांचा संशयही येथेच होता. बोर्ड उचलून पाहिला. खुंट्या अगदी मोजून, भोकांखालीच बसवल्या होत्या.

उष्णतेबद्दल थोडे. प्रोसेसर फार तापला की आधी तो आपला वेग कमी करतो आणि तरीही तापमान चढत राहिले तर यंत्र पूर्ण बंद पाडतो. म्हणजे तापलेले यंत्र बहुधा बंद पडते व थोडा वेळ सुरू होत नाही. लगेच रिस्टार्ट होणे हे वेगळे लक्षण आहे. बायोसमधील तापमान पाहिले, पंखा फिरत होता, विषय संपला. बायोसमध्येच आणखी एक सेटिंग असते : वीज जाऊन आल्यावर संगणकाने आपोआप सुरू व्हावे की बंद राहावे. ते 'सुरू'वर असेल तर क्षणभर गेलेली लाइटही रिस्टार्टसारखी दिसते.

रॅमसाठी 'मेमटेस्ट८६' हा जुना व भरवशाचा प्रोग्रॅम आहे. विंडोजमध्येही 'मेमरी डायग्नोस्टिक' असतेच. चाचणी रात्रभर चालू द्यावी. एकही चूक निघाली तरी रॅम सदोष समजावी, कारण रॅममध्ये थोडीशी चूक चालेल असा प्रकार नाही. मग एकेक पट्टी एकेका खाचेत घालून पुन्हा पाहावे, म्हणजे दोष पट्टीचा की खाचेचा हे कळते. दुकानात बदलून दिलेली नवी पट्टी आणि सुदैवाने बाईंनी जपून ठेवलेली पहिली, दोन्ही तपासल्या. दोन्हींत एकही चूक नव्हती.

वहीने काय सांगितले

अकरा दिवसांत चौदा रिस्टार्ट नोंदले गेले. त्यांपैकी दोन अपडेटचे होते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्यांच्यासमोर १०७४ होते. दोन वेळा खोलीतील दिवे लुकलुकले होते. नऊ नोंदींसमोर शेवटच्या रकान्यात त्या मुलाने एकच शब्द लिहिला होता : मोटर. एक नोंद मात्र अखेरपर्यंत उलगडली नाही, ती वहीत तशीच आहे.

संगणक कक्षाच्या भिंतीपलीकडे बोरिंगच्या मोटरचा स्टार्टर आहे. टाकी रिकामी झाली की आपले शिपाईकाका मोटर लावतात. कधी सकाळी सव्वाआठला, कधी मधल्या सुटीनंतर, कधी दिवसातून दोनदा. पाण्याला वेळापत्रक नाही म्हणून रिस्टार्टलाही वेळापत्रक दिसत नव्हते. दुकानात मोटर नव्हती, म्हणून तेथे तीन दिवस काहीच झाले नाही. दुकानातला शेरा खोटा नव्हता, पण आजार इमारतीत आणि तपासणी बाजारात, असे झाले होते.

तरीही एक प्रश्न उरला, आणि तो आठवीच्या एका मुलीने विचारला : मोटर तर सगळ्यांसाठीच लागते, मग शेजारचे संगणक रिस्टार्ट का होत नाहीत? यासाठी थोडे भौतिकशास्त्र पाहावे लागेल.

मोटर सुरू होताना पहिल्या क्षणी ती नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते, त्यामुळे त्याच लाइनवरचे व्होल्टेज क्षणभर खाली बसते. घरी मिक्सर लावताच दिवा किंचित मंद होतो तेच हे. संगणकातील एसएमपीएस भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज घेऊन १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे एकदिश पुरवठे तयार करतो. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे, आणि प्रत्येक आवर्तनात ती दोनदा शून्यावर येते. या खळग्यांतही पुरवठा अखंड राहावा म्हणून एसएमपीएसच्या आत मोठा कपॅसिटर असतो. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे आमच्या तोंडी त्याच्यासाठी 'संधारित्र' हा शब्द येतो. मराठीत त्याला 'धारित्र' म्हणतात. हा म्हणजे घराच्या गच्चीवरची टाकी. नळ थांबला तरी घरात थोडा वेळ पाणी येते ते टाकीमुळे.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा. धारित्रातील ऊर्जा धारिता गुणिले व्होल्टेजचा वर्ग, याच्या निम्मी असते. २३० व्होल्टच्या विजेचे शिखर सुमारे ३२५ व्होल्ट असते. समजा धारिता २२० मायक्रोफॅरड आहे आणि धारित्रावरील व्होल्टेज २३०च्या खाली गेले की एसएमपीएसला काम जमत नाही. तर ३२५पासून २३०पर्यंत उतरताना सुमारे ५.८ जूल ऊर्जा मिळेल. यंत्र १५० वॉट घेत असेल तर ती ३९ मिलिसेकंद पुरेल. पूर्ण एक आवर्तन गेले तरी यंत्राला पत्ता लागणार नाही. परंतु धारित्र वर्षानुवर्षे उष्णतेत सुकत जाते. त्याचे तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते असा ठोकताळा आहे. धारिता एक-तृतीयांश राहिली तर तीच ऊर्जा जेमतेम १३ मिलिसेकंद पुरेल. त्यातच मोटरमुळे लाइन खाली बसलेली, म्हणजे टाकी अर्धीच भरत असलेली. मग खळगा ओलांडता येत नाही.

एसएमपीएस मदरबोर्डला एका करड्या तारेवरून 'पॉवर गुड', म्हणजे सर्व पुरवठे ठीक आहेत, असा संकेत सतत देत असतो. पुरवठा डळमळला की तो संकेत तुटतो आणि मदरबोर्ड प्रोसेसरला रिसेट करतो. पुरवठा सावरला की यंत्र पहिल्यापासून सुरू होते. आपल्याला दिसते ते एवढेच की संगणक आपोआप रिस्टार्ट झाला.

बाईंनी मल्टिमीटरने पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट मोजले होते तेव्हा ११.९ आले. नियमाप्रमाणे ११.४० ते १२.६० चालते, म्हणजे सर्व ठीक. पण मल्टिमीटर सेकंदातून दोन-तीनदाच आकडा बदलतो. काही मिलिसेकंदांची घसरण त्याला दिसतच नाही. दुकानात हिरवी तार काळीला जोडून पंखा फिरतो का ते पाहतात, त्यातूनही एवढेच कळते की एसएमपीएस सुरू होतो. भार पडल्यावर तो कसा वागतो हे त्यातून कळत नाही.

अदलाबदल

खात्रीचा उपाय एकच होता. एका शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही शिपाईकाकांना विनंती करून दहा-दहा मिनिटांच्या अंतराने मोटर चार वेळा लावली. संशयित यंत्र चारपैकी तीनदा रिस्टार्ट झाले, शेजारचे एकदाही नाही. मग दोन्ही यंत्रांचे एसएमपीएस आपसांत बदलले, इतर काहीही नाही. पुन्हा चार वेळा मोटर. या वेळी संशयित यंत्र स्थिर राहिले आणि शेजारचे दोनदा रिस्टार्ट झाले. सोमवारी एसएमपीएस परत आपापल्या जागी बसवले, तर दोष पुन्हा पहिल्या यंत्रात आला. एसएमपीएस जेथे गेला तेथे दोष गेला, हे सर्वांनी डोळ्यांनी पाहिले. दोन भाग एकदम बदलले असते तर हे कधीच सांगता आले नसते.

तो एसएमपीएस भेट आलेल्या कॅबिनेटमधला, बरीच वर्षे वापरलेला होता. त्याच्यावर ठळक अक्षरांत ४५० वॉट असे छापले होते. खालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टपुढे १४ अँपिअर होते, म्हणजे १६८ वॉट. आजकालचा प्रोसेसर जवळजवळ सगळी शक्ती १२ व्होल्टमधूनच घेतो, म्हणून विकत घेताना मोठा आकडा न पाहता ही ओळ पाहावी.

मंडळाने नव्या संगणकाऐवजी नव्या एसएमपीएसला मंजुरी दिली; खर्च नव्या संगणकाच्या दहाव्या भागाच्या आसपास आला. इलेक्ट्रिशियनने पाहिले तर मोटर आणि संगणक कक्ष एकाच फेजवर होते. मोटर दुसऱ्या फेजवर घेतली. विद्यार्थ्याच्या जोडणीत एकही दोष निघाला नाही, हे प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर सांगण्यात आले. नववीच्या मुलींचा प्रकल्प मात्र परत मिळाला नाही. त्यांनी तो पुन्हा केला, आणि त्यांच्या दोन रविवारांची भरपाई कोणत्याही एसएमपीएसने होण्यासारखी नाही.

पालकांसाठी दोन गोष्टी. घरी यूपीएस असूनही संगणक रिस्टार्ट होत असेल तर यूपीएसच वाईट असे धरून चालू नये. साध्या यूपीएसला लाइनवरून बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद लागतात. तेवढा काळ एसएमपीएसला स्वतःच्या बळावर काढायचा असतो, आणि थकलेल्याला तो काढता येत नाही. दुसरी गोष्ट जिवाची आहे. एसएमपीएसची पेटी घरी कोणीही उघडू नये. प्लग काढल्यावरही आतील धारित्रात ३०० व्होल्टच्या वर वीज साठून राहू शकते. मुले हुशार आणि उत्साही असतात, म्हणून हे घरी वेगळे बसवून सांगावे.

स्वाध्याय

१. एका एसएमपीएसच्या तक्त्यात १२ व्होल्टपुढे २५ अँपिअर लिहिले आहे. त्या पुरवठ्याची शक्ती किती वॉट?

२. वरील हिशेबात धारिता ३३० मायक्रोफॅरड आणि यंत्राची शक्ती १०० वॉट घेतली तर ऊर्जा किती मिलिसेकंद पुरेल?

३. एक संगणक फक्त गेम खेळताना रिस्टार्ट होतो, लिहिताना कधीच नाही. वहीत कोणते रकाने वाढवाल, आणि पहिली अदलाबदल कशाची कराल? कारण लिहा.

उत्तरे संगणकाच्या बाईंकडे द्यावीत. अकरा दिवसांची ती वही संगणक कक्षात ठेवलेली आहे; ज्यांना पाहायची असेल त्यांनी मधल्या सुटीत यावे.